वाचकांचे प्रश्न : ‘फॉरमॅट मारायच्या आधी एकदा विचारायचं तरी होतं’

गेल्या अंकात विंडोज १० चा सपोर्ट संपल्याबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा, मेसेजचा ढीगच लागला. सेलूपासून उदगीरपर्यंत दुखणं एकच, घरच्या कॉम्प्युटरवर नवी विंडोज नाहीतर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टिम) टाकायला बसलो आणि मधेच अडकलो, आता जुनंही नाही आणि नवंही नाही. काही मेसेज रात्री दोन-अडीचला पाठवलेले आहेत, वाचतानाच माणसाची झोप उडालेली दिसते. सगळे इथं मावणार नाहीत. ज्यांच्या उत्तराचा बाकीच्यांना उपयोग होईल ते घेतोय, आणि पहिलं पत्र मुद्दामच पहिलं घेतलंय.

प्रश्न : दादा, घरचा कॉम्प्युटर लई हळू झाला होता म्हणून गल्लीतल्या एका दुकानात दिला. विंडोज नवीन टाकून देतो, पाचशे रुपये, म्हणले. संध्याकाळी घरी आणला, फास्ट चालतोय, पण डी ड्राइव्हच नाही. आमचे बाबा तीन वर्षांमागं गेले, त्यांचे सगळे फोटो, माझ्या लग्नातले, शेतातले, तिथंच होते. दुकानदार म्हणतो तुम्ही डेटा ठेवा म्हणून सांगितलं नव्हतं. मला काय कळतं त्यातलं? फॉरमॅट मारायच्या आधी एकदा विचारायचं तरी होतं. आता काहीच होणार नाही का? नंबर खाली लिहिलाय.
(एक ताई, अंबाजोगाई)

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचलं आणि छापायची वाट न बघता त्याच दुपारी तुम्हाला फोन केला, कारण यात एकेक तास महत्त्वाचा असतो. तेव्हा जे सांगितलं तेच सगळ्यांसाठी लिहितो : मशीन आहे तसं बंद करा, प्लग काढा, आणि काहीही उघडून बघू नका, फोटो शोधायचं सॉफ्टवेअर डाउनलोड करायलासुद्धा त्या मशीनवर जाऊ नका.

कारण असं. तुमच्या डेस्कटॉपमध्ये जुनी, फिरणारी हार्ड डिस्क आहे. विंडोज टाकताना एक स्क्रीन येतो, त्यात डिस्कचे भाग ओळीनं दिसतात, सी, डी, अजून एकदोन बारके, तिथं घाईत सगळ्या ओळी डिलीट करून एकच मोठा भाग केला की डी गेला. पण गेला म्हणजे काय झालं? मोंढ्यात आडतीवर पोती लावलेली असतात, त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या काढल्या आणि वहीतली नोंद फाडली, पोती मात्र जागच्या जागी. नवीन माल आला की जागा मोकळीच आहे असं समजून तो तिथंच उतरवणार, आणि ज्या जागेवर उतरवला तिथलं जुनं पोतं कायमचं गेलं. नवी विंडोज स्वतःच वीसेक जीबी जागा खाते, त्यानंतर तुम्ही ब्राउझर उघडला, अपडेट झालं, गाणी टाकली, हा सगळा नवीन मालच.

ताईंच्या भावानं डिस्क काढून केबलनं दुसऱ्या मशीनला लावली, फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवलं आणि सापडलेल्या फाइली तिसऱ्याच डिस्कवर काढल्या, त्याच डिस्कवर काढल्या असत्या तर शोधता शोधताच पुसल्या गेल्या असत्या. रात्रभर चाललं. यात फाइलींची नावं परत येत नाहीत, फोल्डर येत नाहीत, नुसते आकडे असलेल्या हजारो फाइली मिळतात, त्यात वेबसाइटवरची बारकी बारकी चित्रंसुद्धा, त्यातनं एकेक बघत बाबांचे फोटो बाजूला काढायचे. बरेच मिळाले. काही अर्धेच आले. एकात बाबा बैलांजवळ उभे आहेत, वरचा भाग अगदी स्वच्छ आणि गुडघ्याच्या खाली सगळं करडं. ताईंनी तोही ठेवलाय.

हेच एसएसडीवर (न फिरणारी, चिपवाली नवी डिस्क) झालं असतं तर मला असं लिहिता आलं नसतं. एसएसडीत ट्रिम नावाची सोय असते, फाइल डिलीट झाली की विंडोज डिस्कला सांगते ही जागा आता लागत नाही, आणि डिस्क ती आतून साफ करून टाकते. म्हणून एसएसडी असेल तर फॉरमॅटच्या आधी दहा वेळा विचार करा, नंतर फार काही हाताला लागत नाही.

माझ्या हातून हे झालंय म्हणून इतकं लिहितोय. मामांच्या बी-बियाण्याच्या दुकानातलं मशीन होतं. डी ड्राइव्ह नीट कॉपी करून घेतला, फॉरमॅट मारला, आणि मग कळलं की उधारीची एक्सेल फाइल डेस्कटॉपवर होती. डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्ह, डॉक्युमेंट्स म्हणजे पण सी ड्राइव्ह, डाउनलोड्स म्हणजे पण तेच, आणि आपल्याकडं दहातले नऊ जण डेस्कटॉपवरच सगळं ठेवतात. मामा रागावले नाहीत, गप्प बसले, ते जास्त लागलं मला. तेव्हापासून कोणाचंही मशीन हातात घेतलं की आधी विचारतो, फोटो कुठं आहेत, हिशोब कुठं आहे, टॅलीचा डेटा कुठं आहे. दुकान चालवणाऱ्या सगळ्या पोरांना हात जोडून सांगतो, हे गिऱ्हाइकानं सांगायचं नसतं, आपण विचारायचं असतं. त्यांना सी आणि डी कळत नाही म्हणून तर ते आपल्याकडं येतात.

प्रश्न : सर, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. घरचं मशीन २०१६ चं, आय३-६१००, ४ जीबी रॅम, विंडोज १०. विंडोज ११ टाकायला गेलं की हे मशीन चालणार नाही असं येतंय. दुकानात म्हणले भंगारात द्या, नवीन घ्या. लेकीची दहावी आणि शाळेचं माझं काम सगळं ह्याच्यावरच. चांगलं चालतंय तर टाकून कामून द्यायचं?
(एक शिक्षिका, सेलू, जि. परभणी)

उत्तर : मॅडम, टाकून द्यायचं नाही. दुकानदार खोटं बोलला असं नाही, त्यानं अर्धंच सांगितलं.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. संपला म्हणजे मशीन बंद पडत नाही, पण नवी भोकं सापडली की ती बुजवणारे अपडेट येत नाहीत. आणि ११ तुमच्या मशीनला नाही म्हणते ते प्रोसेसरमुळं. आय३-६१०० मधल्या डॅशनंतरचा पहिला आकडा बघा, ६, म्हणजे सहावी पिढी. मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचे आहेत, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप आणि सिक्युअर बूट (ओळखीचीच सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय) पाहिजे. टीपीएम कधी कधी मशीनमध्ये असतो पण बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या, मशीनच्या आतल्या सेटिंगांत) बंद असतो, तो चालू केला की काम होतं, पण तुमचा आकडाच ६ असल्यामुळं तिथं वेळ घालवू नका. व्हिडिओत दाखवतात तसं ही तपासणी चुकवून ११ टाकता येतं, मान्य आहे, मात्र अशा मशीनला पुढं अपडेट मिळतीलच याची कंपनी हमी देत नाही, आणि ज्या घरात दहावीचं वर्ष आहे तिथं हा प्रयोग मी करणार नाही.

आत्तासाठी सोपा रस्ता : सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर जादा सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवायची लिंक येते. मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर ते फुकट मिळतं, नाहीतर ३० डॉलर मागतात. कंपनीनं घरगुती मशीनसाठी याची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ सांगितलीय. विंडोज १० ची आवृत्ती २२एच२ पाहिजे, नसेल तर ती लिंक दिसतच नाही आणि माणूस शोधत बसतो.

लेकीची परीक्षा झाली की मग दोन गोष्टी करा. एक, जुनी हार्ड डिस्क काढून २४० किंवा २५६ जीबीची एसएसडी बसवा, आणि जमलं तर रॅम ८ जीबी करा. मशीन हळू आहे असं ज्याला आपण म्हणतो ते निम्म्या वेळा त्या फिरणाऱ्या डिस्कमुळं असतं. जुनी डिस्क पुसू नका, तशीच कपाटात ठेवा, तोच तुमचा बॅकअप. दोन, एसएसडीवर लिनक्स मिंट टाकून बघा. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत आणि पैसे लागत नाहीत.

टाकायच्या आधी मिंट पेन ड्राइव्हवरनंच चालवून बघता येतं, डिस्कला हात न लावता, आणि ही गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. एक पूर्ण संध्याकाळ तसंच चालवा. वाय-फाय लागतंय का, प्रिंटर कागद काढतोय का, यूट्यूबचा आवाज येतोय का, यूडायस प्लस आणि सरल उघडतंय का (शाळेच्या नोंदींची ही पोर्टल ब्राउझरमध्येच चालतात), लेकीला सवय होईल का, सगळं बघा. पेन ड्राइव्हवरनं थोडं हळू चालेल, त्याला नाव ठेवू नका. मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमध्येच असतो. अडलं तर पेन ड्राइव्ह काढा, रीस्टार्ट करा, तुमचं विंडोज जसंच्या तसं समोर येईल.

प्रश्न : भाऊ, तीन रात्री झाल्या, इन्स्टॉल होईना गेलंय. सेकंडहँड डेस्कटॉप घेतला, पेन ड्राइव्ह बनवला, सगळं बरोबर केलं, पण डिस्क निवडली की लाल अक्षरात येतंय की ह्या डिस्कवर विंडोज टाकता येत नाही, एमबीआर का काय ते. एका व्हिडिओत म्हणलंय डिस्कपार्ट उघडून क्लीन मारा. मारू का? डी मध्ये बहिणीच्या डीएडच्या फाइली आहेत, आधीच्या डिस्कवरनं टाकलेल्या.
(एक वाचक, उदगीर, जि. लातूर)

उत्तर : मारू नका! क्लीन म्हणजे सी साफ होतो असं पोरांना वाटतं, पण ती कमांड अख्ख्या डिस्कची मांडणीच काढून टाकते, सी पण आणि डी पण, आणि ती ‘खरंच करू का’ असं एकदासुद्धा विचारत नाही. त्यात डिस्क ० आणि डिस्क १ मध्ये गफलत झाली तर दुसरीच डिस्क कोरी. व्हिडिओ बनवणाऱ्याच्या डिस्कवर काही नसतं, तुमच्या डिस्कवर बहिणीचं वर्ष आहे.

आता भानगड काय आहे ते बघा. डिस्कवर भाग कसे पाडलेत हे लिहून ठेवायच्या दोन पद्धती. जुनी एमबीआर, १९८३ पासूनची, तिला २ टीबीच्या पुढचं कळत नाही आणि मुख्य भाग चारच पाडता येतात. नवी जीपीटी, तिच्यात विंडोज १२८ भाग पाडू देते. मशीन सुरू व्हायच्याही दोन पद्धती, जुनी लेगसी बायोस आणि नवी यूईएफआय. विंडोजचा नियम एवढाच की लेगसीतनं सुरू केलं तर एमबीआर डिस्क, यूईएफआयमधनं सुरू केलं तर जीपीटी डिस्क. तुमची डिस्क एमबीआर आहे आणि पेन ड्राइव्ह तुम्ही यूईएफआयमधनं सुरू केलाय, जोडी जुळली नाही, बस एवढंच.

हे कळायची जागा म्हणजे बूट मेनू. मशीन चालू करताना एफ१२ दाबता ना (काही कंपन्यांत एफ९, काहींत एफ११, काहींत एस्केप), तिथं तुमचा एकच पेन ड्राइव्ह दोनदा दिसतो. एका ओळीत नुसतं त्याचं नाव, दुसऱ्या ओळीत त्याच नावाच्या आधी यूईएफआय असं लिहिलेलं. लोकांना वाटतं स्क्रीन चुकला, आणि जी ओळ वर असेल ती दाबतात. दोन्ही ओळी वेगळ्या आहेत. विंडोज १० टाकणार असाल आणि मशीन जुनं असेल तर बिनयूईएफआयची ओळ निवडा, लाल अक्षरं जातील. फक्त एकच ओळ दिसली तर पेन ड्राइव्ह बनवतानाच एक पद्धत निवडली गेलीय, रूफस या पेन ड्राइव्ह बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये परत बनवा, तिथं एमबीआर का जीपीटी हे वरच विचारतात.

विंडोज ११ च पाहिजे असेल तर मात्र जीपीटी करावंच लागेल. डिस्कवर चालू अवस्थेतलं विंडोज १० असेल तर त्यातच एमबीआरटूजीपीटी नावाचं साधन आहे, डेटा न घालवता बदलतं, फक्त मुख्य भाग तीनपेक्षा जास्त नसावेत आणि नंतर बायोसमध्ये जाऊन यूईएफआय चालू करावं लागतं. तरीपण आधी बहिणीच्या फाइली बाहेर काढा. विंडोज चालू होत नसेल तर मी वर सेलूच्या मॅडमना सांगितलं तसा मिंटचा पेन ड्राइव्ह लावा, त्यात डी ड्राइव्ह साध्या फोल्डरसारखा उघडतो, दुसऱ्या पेन ड्राइव्हवर कॉपी करून घ्या. मी कित्येकांचा डेटा असाच काढलाय.

आणि हे आज रात्री करू नका. तीन रात्री जागलेल्या माणसानं डिस्क निवडायच्या स्क्रीनवर बसू नये.

प्रश्न : आम्ही शेतकरी माणसं. पोरगं नांदेडला इंजिनिअरिंगला आहे, त्याला कर्ज काढून लॅपटॉप घेऊन दिला. त्यानं उबंटू का काय टाकायला बघितलं, व्हिडिओ बघून आतल्या दोन सेटिंगा बदलल्या, आता निळा स्क्रीन येतो आणि ४८ आकडी नंबर मागतो. आमच्याकडं असला कुठलाच नंबर नाही. पोरगं दोन दिवस झालं नीट जेवत नाही. दुकानदार म्हणतो सगळं पुसावं लागेल.
(एक वडील, लोहा, जि. नांदेड)

उत्तर : काका, पहिलं म्हणजे लॅपटॉप बिघडलेला नाही आणि पोरानं काही वाईट केलेलं नाही, हे त्याला आज सांगा.

नव्या लॅपटॉपमध्ये डिस्कवरचं सगळं कुलूपबंद असतं, त्याला बिटलॉकर म्हणतात. लॅपटॉप चोरीला गेला आणि कोणी डिस्क काढून दुसरीकडं लावली तरी आतलं वाचता येऊ नये म्हणून. विंडोज ११ च्या २४एच२ पासून नव्यानं इन्स्टॉल करून मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं की हे बहुतेक मशीनवर आपोआप चालू होतं, आणि माणसाच्या ते लक्षातही येत नाही. मशीनच्या आतल्या सेटिंगा बदलल्या की कुलपाला संशय येतो आणि ते किल्ली मागतं. ती किल्ली म्हणजे तो ४८ आकडी नंबर.

मुलाला सांगा, ज्या दोन सेटिंगा बदलल्या त्या होत्या तशा परत कर. सिक्युअर बूट बंद केलं असेल तर चालू कर, स्टोरेजचं व्हीएमडी, आरएसटी किंवा एएचसीआय असं काही बदललं असेल तर ते मूळ जागी ने. बहुतेक वेळा एवढ्यावर नंबर न मागता विंडोज सुरू होतं.

नाहीच झालं तर किल्ली शोधायची. लॅपटॉप पहिल्यांदा चालू करताना ज्या ईमेलनं लॉगिन केलं, त्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये ती जमा असते, मोबाइलवरनं लॉगिन करून बघता येते. निळ्या स्क्रीनवर किल्लीची एक ओळख लिहिलेली असते, तिची सुरुवातीची अक्षरं जुळवून बघायची. मुलाच्या अकाउंटमध्ये नसेल तर एक गोष्ट आठवा : लॅपटॉप घेतला तेव्हा चालू करून कोणी दिला? आपल्याकडं फार वेळा दुकानातला पोरगा गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवायला नको म्हणून स्वतःच्याच ईमेलनं चालू करून देतो. तसं झालं असेल तर तुमच्या घराची किल्ली त्याच्या खिशात आहे. भांडू नका, पण त्याच्यासमोर बसून त्याचं अकाउंट उघडायला लावा आणि नंबर कागदावर लिहून घ्या. पुसायची गोष्ट सगळ्यात शेवटची.

आता हे मुलासाठी. उबंटू (हाही लिनक्सचाच प्रकार) टाकायची इच्छा सोडू नकोस, शिकण्यासारखंच आहे ते. उबंटूला सिक्युअर बूट बंद करावंच लागत नाही, ते चालू असतानाही इन्स्टॉल होतं, व्हिडिओवाल्यानं तुला नसलेलं काम लावलं. क्रम असा ठेव : ४८ आकडे वहीत लिही, सेटिंग्जमधनं डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद कर आणि ते पूर्ण उलगडू दे, त्याला वेळ लागतो, मग विंडोजमधल्याच डिस्क मॅनेजमेंटमधनं सी ड्राइव्ह आक्रसून जागा मोकळी कर, फास्ट स्टार्टअप बंद कर, आणि मग पेन ड्राइव्ह लाव. फास्ट स्टार्टअप चालू राहिलं तर विंडोज खरं बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि लिनक्सला तिचा भाग नीट उघडता येत नाही.

बाकीच्यांसाठी एक वाक्य इथंच, कारण याच महिन्यात ही तक्रार अजून बऱ्याच जणांची आली : विंडोज टाकताना डिस्कची यादीच रिकामी दिसली तर एसएसडी मेली असं समजून नवीन आणायला पळू नका, अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपमध्ये इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर (डिस्क ओळखायचं बारकं सॉफ्टवेअर) लागतो, तो लॅपटॉप कंपनीच्या साइटवरनं घेऊन, अनझिप करून पेन ड्राइव्हवर टाका आणि त्याच स्क्रीनवर ‘लोड ड्रायव्हर’ दाबा, डिस्क दिसायला लागते.

प्रश्न : आमचा लग्नपत्रिकांचा छोटा प्रेस आहे. विंडोज ७, पेजमेकर, आणि जुने मराठी फॉन्ट, त्यांच्या सॉफ्टवेअरचा डोंगल (किल्लीसारखं बारकं उपकरण, ते असल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) लावलेला. मुलगा म्हणतो विंडोज ११ नाहीतर लिनक्स टाकू, किती दिवस जुनं वापरणार. लग्नसराई तोंडावर आहे. काय करावं?
(एक प्रेसवाले, धाराशिव)

उत्तर : लग्नसराई होईपर्यंत त्या मशीनला कोणालाही हात लावू देऊ नका, मुलालाही.

तुमच्या जुन्या फाइलींमध्ये खरं तर मराठी नाहीच. जुन्या फॉन्टची पद्धत अशी की फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचेच आकडे असतात आणि फॉन्ट त्यांच्यावर मराठी चेहरा चढवतो. फॉन्ट काढला की ‘शुभविवाह’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. त्यामुळं नव्या विंडोजवर तुमचा फॉन्ट, तुमचा कीबोर्ड, तुमचा डोंगल आणि पेजमेकर (त्याची शेवटची ७.० आवृत्ती २००१ ची) हे चारही एकत्र चालले तरच पत्रिका निघेल, एकाचा जरी ड्रायव्हर ६४ बिटमध्ये नसला तर सगळं अडकलं. लिनक्सवर तर डोंगलचा प्रश्न आणखी अवघड.

पण मुलाचं म्हणणं पण खरं आहे. विंडोज ७ चे अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले, अशा मशीनला नेट लावून बँकेचं काम करणं म्हणजे रात्री दुकान उघडं टाकून जाणं. तेव्हा जुन्याची नेटची वायर काढा, ते फक्त पत्रिकांसाठी, पेन ड्राइव्ह नव्या मशीनवर तपासूनच त्याला लावा. शेजारी दुसरं मशीन घ्या, त्यावर मुलाला युनिकोडमध्ये (फाइलीतच खरी मराठी अक्षरं ठेवणारी पद्धत) काम सुरू करू द्या, नवीन पत्रिका तिकडं, जुन्या गिऱ्हाइकाची जुनी डिझाइन इकडं. जुन्या डिस्कची पूर्ण नक्कल मात्र या आठवड्यातच काढून ठेवा, इतक्या वर्षांची डिस्क कधी थांबेल ते कोणी सांगू शकत नाही.

प्रश्न : लिनक्स आणि विंडोज दोन्ही टाकलंय. लिनक्समधनं विंडोजमध्ये आलं की घड्याळ साडेपाच तास मागं. बॅटरी बदलली तरी तेच.
(एक विद्यार्थी, हिंगोली)

उत्तर : बॅटरीचा दोष नाही. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज ती भारतातली वेळ समजून वाचतं, आपण जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढं, म्हणून दुपारी तीनला तुला सकाळचे साडेनऊ दिसतात. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएलची सेट-लोकल-आरटीसी ही कमांड १ देऊन चालव (timedatectl set-local-rtc 1), ते लोकल वेळ लिहायला लागेल. रीस्टार्ट केल्यावर विंडोजमध्ये एकदा वेळ सिंक कर. याकडं दुर्लक्ष करू नको, वेळ फारच चुकली की बँकेच्या साइटा सुरक्षित नाही म्हणून उघडत नाहीत आणि माणूस नेटला दोष देतो.

प्रश्न : विंडोज परत टाकलं तर तिची की (लायसनचा नंबर) परत विकत घ्यावी लागते का? दुकानात अ‍ॅक्टिव्हेटर (की नसताना विंडोज चालू करणारं चोरटं सॉफ्टवेअर) मारून देतो म्हणतात.
(एक वाचक, गेवराई, जि. बीड)

उत्तर : लॅपटॉपसोबत विंडोज आली असेल तर नाही. तिचं लायसन त्या मशीनच्या मदरबोर्डशी बांधलेलं असतं, इन्स्टॉल करताना ‘माझ्याकडं की नाही’ निवडा, होम आणि प्रो या विंडोजच्या दोन आवृत्त्या, होम असेल तर होमच टाका, नेट लावलं की आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. होम असताना प्रो टाकलं की मग ती की मागते आणि तिथं लोक फसतात. अ‍ॅक्टिव्हेटर नको. तो चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करा म्हणतात, आणि ज्या मशीनवर तुम्ही आधार टाकता, पीक विम्याचा फॉर्म भरता, फोन पेचा ओटीपी बघता, तिथं पहाऱ्यावरचा माणूस हाकलून अनोळखी माणसाला आत घ्यायचं, हे मला पटत नाही.

प्रश्न : विंडोज टाकत होतो, ६२ टक्क्यांवर लाइट गेली. आता मशीन चालू करायलाच भ्या वाटायलंय.
(एक वाचक, परतूर, जि. जालना)

उत्तर : चालू करा, काही होत नाही. टक्के मोजत असतं तेव्हा फाइली कॉपी होत असतात, अर्धवट राहिलं तर पेन ड्राइव्ह लावून पहिल्यापासून परत सुरू करायचं, मशीनला इजा नाही. फक्त डिस्क निवडायच्या स्क्रीनवर या वेळी आधीचाच भाग निवडा, नवीन भाग पाडत बसू नका.

जपायचं ते दोनच वेळी. सी ड्राइव्ह लहान-मोठा करताना डेटा इकडून तिकडं सरकत असतो, तेव्हा लाइट गेली तर फाइली जाऊ शकतात. आणि बायोस अपडेट करताना गेली तर मदरबोर्डच उठत नाही, ते काम यूपीएसशिवाय करूच नका, लॅपटॉप असेल तर बॅटरी पूर्ण भरून आणि चार्जर लावून. तुमच्याकडं लाइटीचं वेळापत्रक आठवड्याला बदलतं हे मला माहितीय, त्यामुळं लाइट आल्या आल्या सुरू करा, जायच्या आधीचा तास धरू नका. एसएसडीवर अर्ध्या तासात उरकतं, जुन्या डिस्कवर दीड-दोन तास हातात ठेवा. इन्व्हर्टरवर डेस्कटॉप चालवत असाल तर लाइट जाते त्या क्षणी मशीन रीस्टार्ट होतं का ते आधी एकदा मेन स्विच बंद करून बघा, रीस्टार्ट होत असेल तर तो इन्व्हर्टर पंख्याला ठीक आहे, या कामाला नाही.